‘अशी कोणी बहीण नव्हती’ : पश्चिम आयर्लंडमधल्या एका वृद्ध मनोरुग्णाच्या आठवणी

मी पश्चिम आयर्लंडमधल्या एका जुन्या जिल्हा मनोरुग्णालयात, वृद्धांच्या विभागात रजिस्ट्रार, म्हणजे वरिष्ठांच्या हाताखालचा डॉक्टर, होतो, तेव्हाचं हे प्रकरण. काळ २००९-१० चा. ज्यांच्याबद्दल लिहितोय ते गृहस्थ आता हयात नाहीत. ओळख पटू नये म्हणून ठिकाण, काही तारखा आणि घरातले बारीक तपशील बदलले आहेत. निर्णय मात्र जसे घेतले तसेच, चुकांसकट, मांडतो आहे. त्यांना मी इथे ‘आजोबा’ म्हणणार आहे. वॉर्डात लहानथोर सगळे त्यांना नावानेच हाक मारायचे, तिथली तशी रीतच आहे. मला मात्र ते शेवटपर्यंत जमलं नाही.

पार्श्वभूमी

आजोबांचा जन्म १९३० चा. १९५८ च्या एप्रिलमध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, थोरल्या भावाच्या अर्जावरून आणि गावच्या डॉक्टरच्या दाखल्यावरून ते दाखल झाले. तेव्हा १९४५ चा मानसोपचार कायदा लागू होता. त्यात नातेवाइकाने अर्ज करायचा, डॉक्टरने सही करायची. आणि एकदा ‘चित्तभ्रम झालेली व्यक्ती’ असा शिक्का बसला की त्या आदेशाला मुदतच नसे. मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तेव्हा ते एकोणऐंशी वर्षांचे होते. म्हणजे एकावन्न वर्षं त्याच आवारात.

हे एकट्याचं दुर्दैव नव्हतं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस आयर्लंडच्या मनोरुग्णालयांत वीस हजारांहून जास्त माणसं होती आणि देशाची लोकसंख्या होती जेमतेम २८ लाख. दर एकशे चाळीस माणसांमागे एक जण आत. त्याच दशकात चार लाखांहून जास्त लोक देश सोडून, बहुतेक करून इंग्लंडला, गेले. कुटुंबात जो बसत नव्हता त्याच्यापुढे दोनच वाटा असायच्या, बोट नाहीतर रुग्णालय, असं आमच्या वॉर्डातली जुनी नर्स म्हणायची.

१९७० च्या दशकात आजोबांची नोंद कागदावर ‘स्वेच्छेने राहणारे’ अशी झाली, पण जायला जागा नसल्यामुळे फरक काहीच पडला नाही. २००६ च्या नोव्हेंबरपासून नवा मानसिक आरोग्य कायदा पूर्णपणे अमलात आला. त्याच वर्षी जुनी रुग्णालयं बंद करून रुग्णांना वस्तीत हलवायचं सरकारी धोरणही जाहीर झालं. आमचं रुग्णालय त्या यादीत होतं. आजोबांना सहा जणांच्या एका घरात, रात्रपाळीचा कर्मचारी असलेल्या, हलवायचं ठरलं. त्यासाठी त्यांची नव्याने तपासणी करायची होती. ते काम माझ्याकडे आलं.

फायलीच्या पहिल्या पानावर टाइप केलेला सारांश होता. स्किझोफ्रेनिया. हिंसक कृत्याचा इतिहास : गवताची गंजी पेटवली. पक्के भ्रम : वडिलांना सैनिकांनी मारलं, भावाने छळ केला, ‘अस्तित्वात नसलेल्या बहिणीविषयी’ बोलतो. ही शेवटची ओळ दर काही वर्षांनी नवा डॉक्टर मागच्या डॉक्टरच्या नोंदीवरून उतरवत आला होता. मी अकरा वेळा मोजली.

अडचण

स्थलांतराची बातमी कळल्यापासून आजोबांची झोप उडाली. रात्री ते ओव्हरकोट चढवून खिडकीशी उभे राहायचे. ‘लॉरी येणार आहे,’ म्हणायचे. विचारलं की एक गोष्ट सांगायचे, दर वेळी थोडी वेगळी.

एका रूपात हिरव्या गणवेशातले सैनिक पहाटे घरी येतात, वडिलांना दारात उभं करतात, गोळी घालतात. आजोबा आईच्या मागून पाहत असतात. दुसऱ्या रूपात तेच सैनिक बहिणीला लॉरीत घालून नेतात. तिसऱ्यात भाऊ गंजी पेटवतो आणि आळ आजोबांवर येतो. काही दिवस तिन्ही एकाच रात्रीत घडायचं.

आता आयर्लंडचं यादवी युद्ध झालं ते २८ जून १९२२ ते मे १९२३ या काळात. ब्रिटनशी झालेला तह संसदेने ६४ विरुद्ध ५७ अशा निसटत्या मतांनी मान्य केला आणि त्यावरून कालचे साथीदार एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले. आजोबांचा जन्म त्यानंतर सात वर्षांनी. त्यांनी ते पाहणं शक्यच नव्हतं. शिवाय जन्ममृत्यूच्या सरकारी नोंदीत वडील १९४१ मध्ये क्षयाने गेल्याचं होतं. सैनिकांची गोष्ट कोसळली, की तिच्यासोबत बहिणीची गोष्टही आपोआप कोसळायची. सगळ्यांनी तसंच धरलं होतं, पहिले काही आठवडे मीही.

अडचणी दोन होत्या आणि त्या एकमेकींत गुंतलेल्या होत्या. एक तातडीची : या अवस्थेत त्यांना हलवायचं कसं? दुसरी जुनी : या आठवणींपैकी खरं काय आणि ते शोधणं आमचं काम आहे का?

समोरचे पर्याय

टीमच्या बैठकीत चार मतं पडली. पहिलं, स्थलांतर होईपर्यंत मनोविकारावरचं औषध वाढवावं. सोपं आणि रोजच्या सवयीचं. पण आजोबांच्या ओठांची आणि जिभेची सतत चाललेली चाळवाचाळव सांगत होती की पन्नास वर्षांच्या औषधांनी व्हायचं तेवढं नुकसान आधीच झालं आहे. दुसरं, ‘जीवनकथा’ लिहून घ्यावी. खरंखोटं पाहू नये, ऐकून घ्यावं, फोटो चिकटवावेत. आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टचा याच्यावर भर होता. तिसरं मत, हा स्मृतिभ्रंशच आहे, घराऐवजी नर्सिंग होममध्ये पाठवावं. चौथं, माझं : कागदपत्रं तपासावीत.

आमचे वरिष्ठ चौथ्याला लगेच तयार झाले नाहीत. त्यांचा प्रश्न अजून आठवतो : ‘सापडलं तर काय करणार आणि नाही सापडलं तर काय करणार, हे आधी सांगा.’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी त्यांनी परवानगी दिली, एका अटीवर. आजोबांना विचारायचं. त्यांनी ‘हो’ म्हटलं तरच.

मी विचारलं. ते म्हणाले, ‘शोधा की. पन्नास वर्षं कुणी विचारलंच नाही.’

काय केलं

आधी साध्या गोष्टी. कानात मळाचे गठ्ठे होते, काढले. चष्मा कोणा दुसऱ्याचाच निघाला; त्यांचा स्वतःचा करवून घेतला. थरथर थांबवायला म्हणून चाळीसेक वर्षं चालू असलेलं प्रोसायक्लिडिन आठवड्या-आठवड्याने कमी केलं. हे औषध वृद्ध माणसाची स्मरणशक्ती झाकोळतं हे मानसोपचाराच्या कुठल्याही विद्यार्थ्याला माहीत असतं, पण पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या औषधपत्रावरची एक ओळ कोण खोडणार? तीन महिन्यांत तीस गुणांच्या स्मृतिचाचणीत आजोबा सतरावरून तेविसावर आले. गोष्टी बदलायच्या थांबल्या नाहीत, पण त्यांत धागा दिसू लागला. नर्सिंग होमचा पर्याय तिथेच मागे पडला.

मग ऐकणं. आठवड्यातून दोनदा, दुपारी, चहाच्या वेळी. इथे माझ्या हातून पहिली चूक झाली. आजोबा म्हणायचे, ‘स्टेशन्सच्या आधी तिला नेलं. स्टेशन्सनंतर मला.’ मी रेल्वे स्टेशन समजलो. त्यांच्या भागातली रेल्वे तर १९३० च्या दशकातच बंद पडलेली. क्लिफडेनची लाइन १९३५ मध्ये गेली, अ‍ॅकिलची १९३७ मध्ये. मी मोठ्या काळजीने नोंद केली : १९५८ च्या संदर्भात स्टेशनचा उल्लेख, काळाची गल्लत. म्हणजे त्यांच्या खात्यावर माझ्या अज्ञानाचा एक भ्रम मी जमा केला.

दोन आठवड्यांनी ती नोंद जुन्या नर्सने वाचली. ती शेजारच्याच पॅरिशची, म्हणजे शेजारच्या चर्चच्या हद्दीतल्या गावची. तिने मला बसवून समजावलं. ग्रामीण आयर्लंडमध्ये ‘स्टेशन्स’ म्हणजे पाळीपाळीने एकेका घरी होणारा मास, म्हणजे कॅथलिकांचा प्रार्थनाविधी, वसंतात आणि शरदात. पाद्री घरी येतात, सगळी वाडी जमते, नंतर जेवणं होतात. पाळी आली की घराला चुना लागतो, दारंखिडक्या रंगतात, उसनी चिनी मातीची भांडी येतात. मला आमच्या गावच्या भजनाच्या पाळीची आठवण झाली. पाळी असली की आई ओटा दोनदा सारवायची.

आणि मग ते वाक्य पुन्हा ऐकलं. ‘स्टेशन्सच्या आधी तिला नेलं.’ घर रंगवलं जात होतं, पाद्री येणार होते, सगळी वाडी येणार होती. त्याआधी घरातून काय दिसेनासं करायचं होतं, हे नर्सला माझ्या आधी कळलं. ती काही बोलली नाही. नुसती हाताने पोटापुढे गोलाई दाखवली.

दुसरा धागा मराठीने दिला, असं मी म्हणेन. सैनिकांच्या गोष्टीत आजोबा कधी ‘वडील’ म्हणायचे, कधी ‘अंकल’. इंग्रजीत त्या शब्दाने काहीच कळत नाही. मी सवयीने विचारलं : आईकडून की वडलांकडून? ‘आईचा भाऊ,’ ते म्हणाले, ‘तिचा धाकटा.’ म्हणजे मामा. नर्सला लगेच रस्त्याकडेचा एक दगडी क्रूस आठवला. त्यावर त्या आडनावाचा एक तरुण १९२३ च्या वसंतात मारला गेल्याचं कोरलेलं आहे. आई त्या रात्री घरात होती. पुढे हिवाळ्याच्या रात्री, दलदलीतून कापून आणलेल्या टर्फच्या चुलीपाशी, तिने ते मुलांना इतक्या वेळा सांगितलं असणार की मुलाच्या डोळ्यांपुढे ते उभं राहिलं. पुढे वडील गेले, तेव्हा मुलगा अकरा वर्षांचा. दोन मृत्यू एकाच दारात आले. खोटं बोलणं आणि हे, यांत फार अंतर आहे. आठवण आईची होती, मुलाने ती जपली. एवढंच, की कुणाची ते विसरला.

बहिणीचा शोध प्रत्यक्षात सर्वांत सोपा ठरला, आणि हेच मला अजून बोचतं. आयर्लंडमध्ये १८६४ पासून सगळ्या जन्मांची सरकारी नोंद आहे आणि ठरलेली फी भरून कोणालाही दाखला मिळतो. आम्ही पॅरिश, आईवडलांची नावं आणि अंदाजे साल लिहून अर्ज केला. थोड्याच दिवसांत पाकीट आलं. मुलगी, जन्म १९३४, आईवडील तेच, घर तेच.

अकरा डॉक्टरांनी लिहिलेली ‘अस्तित्वात नसलेली बहीण’ एका अर्जाच्या अंतरावर होती.

तो दाखला हातात आल्यावर मात्र माझा तोल गेला, आणि इथे दुसरी, जास्त गंभीर चूक झाली. बहीण खरी निघाली, तर बाकीचंही खरंच असणार, असं मी मनाशी पक्कं केलं. भावाने गंजी पेटवली, आळ धाकट्यावर घातला, सही करून त्याला आत टाकलं आणि जमीन लाटली. मी भाऊबंदकीच्या मुलखातला माणूस. सातबाऱ्यावरचं एक नाव कमी करायला माणसं काय काय करतात, हे लहानपणापासून ऐकलेलं. आयर्लंडमध्ये जमिनीच्या नोंदी फी भरून कोणालाही पाहता येतात. मी स्वतःच पाहिल्या. १९५९ मध्ये जमीन भावाच्या नावावर झाली होती. दाखल केल्यानंतर बरोबर एका वर्षाने! मी पुतण्याला पत्र धाडलं. शब्द सभ्य होते, पण अर्थ कोणालाही कळला असता.

पुतण्या स्वतः आला. पन्नाशीचा शेतकरी, शेतातले बूट बाहेर काढून मोज्यांवर आत आला. त्याने आजोबांच्या वडलांचं मृत्युपत्र टेबलावर ठेवलं. जमीन थोरल्यालाच दिलेली होती, १९४१ मध्येच. आईच्या हयातीपर्यंत नावावर करायचं राहिलं होतं, इतकंच. धाकट्याचा त्यात कधीच वाटा नव्हता. थोरल्याला त्याला बाहेर काढून एक वाफासुद्धा मिळणार नव्हता. ‘माझ्या वडलांनी दर नाताळला इथे टर्कीचं जेवण आणून दिलं आहे,’ पुतण्या म्हणाला. ‘तुम्ही ते वॉर्डात विचारलं का?’ मी विचारलं नव्हतं. आत्या असल्याचं मात्र त्याने कधी ऐकलं नव्हतं. जन्मदाखला पाहून तो बराच वेळ गप्प राहिला.

त्या रात्री मी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. फाइल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. सारांश नाही, सगळी. शेवटच्या पुठ्ठ्याला आतून एक कप्पा होता. त्यात वजनाचे तक्ते, कपड्यांची यादी आणि घडी घातलेला एक रेघांचा कागद. १९५९ च्या जानेवारीत आजोबांनी बहिणीला लिहिलेलं पत्र. पत्ता नव्हता, तिकीट नव्हतं, ते कधी बाहेर पडलंच नव्हतं. अक्षर शाळेतल्यासारखं, गोल, एकाही ठिकाणी खाडाखोड नाही. त्यात बाळ झालं का, असं विचारलं होतं. तुला ननांकडे नेलं तेव्हा मी बाजारात होतो, घरी असतो तर गाडी अडवली असती, असं होतं. आणि हे होतं : स्टेशन्सच्या रात्री सगळे गेल्यावर मी गंजी पेटवली, कारण दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही.

बहिणीबद्दल ते पन्नास वर्षं खरं सांगत होते. गंजीबद्दल नव्हते. दोन्हींचा पुरावा एकाच कागदावर होता आणि तो कागद त्यांच्या स्वतःच्या फायलीत होता.

सांगायचं किती

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय इथे आला. पुतण्याने आपल्या आईला, म्हणजे आजोबांच्या वहिनीला, विचारलं. ती शहाऐंशी वर्षांची. तिला सगळं ठाऊक होतं. मुलीला अविवाहित मातांच्या एका संस्थेत नेलं होतं. तिथून ती इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीला गेली. दर नाताळला तिचं कार्ड यायचं. १९८८ मध्ये तिच्या घरमालकिणीचं पत्र आलं की ती वारली. बाळाचं काय झालं हे वहिनीलाही ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं का सांगितलं नाही, असं पुतण्याने विचारल्यावर ती म्हणाली, ‘त्याला आधीच पुरेसं होतं.’

त्या वेळी या संस्थांविषयी बोलणं नुकतं कुठे सुरू होत होतं. मुलांच्या संस्थांवरचा मोठा चौकशी अहवाल २००९ मध्येच आला होता. मातांच्या आणि बाळांच्या संस्थांची चौकशी २०१५ मध्ये नेमली गेली आणि तिचा अंतिम अहवाल २०२१ च्या जानेवारीत. अठरा संस्थांतून सुमारे ५६,००० माता आणि ५७,००० मुलं गेली, सुमारे ९,००० मुलं दगावली, हे आकडे तेव्हा आमच्यापुढे नव्हते. पण नर्सला ते आकड्यांशिवाय कळत होतं.

टीममध्ये पुन्हा दोन तट पडले. मृत्यू सांगितला तर स्थलांतराच्या तोंडावर ते खचतील. नाही सांगितला तर आम्हीही त्या वहिनीच्या आणि त्या अकरा डॉक्टरांच्या रांगेत जाऊन बसणार. वरिष्ठांनी आजोबांच्या मूळ वाक्याकडे बोट दाखवलं : ‘शोधा की.’ शोधायला त्यांनी सांगितलं होतं, तर सापडलेलं त्यांचं होतं. सांगायचं ठरलं. एकाच वेळी नाही, तीन बैठकींत, दर वेळी तीच नर्स शेजारी. आधी जन्मदाखला, मग पत्र, मग मृत्यू.

दाखला त्यांनी नव्या चष्म्यातून वाचला आणि म्हणाले, ‘हे मी सांगितलं होतं.’ आनंद नाही, राग नाही. पत्र नर्सने वाचून दाखवलं. ‘अक्षर माझंच,’ ते म्हणाले. गंजीबद्दल विचारलं तेव्हा जरा थांबून, ‘पेटवली असेल. काडेपेटी माझ्याकडेच असायची.’ दोनच दिवसांनी गंजी पुन्हा भावाने पेटवलेली होती. आम्ही दुरुस्त केलं नाही.

मृत्यूचं ऐकल्यावर त्यांनी एकच विचारलं, ‘कधी?’ मी साल सांगितलं. ते बोटांवर मोजत राहिले. मग म्हणाले, ‘बावीस वर्षं मी तिच्यासाठी जिवंत माणसाची प्रार्थना म्हणतोय.’ त्यानंतर बाळाबद्दल विचारलं. आमच्याकडे उत्तर नव्हतं आणि तसंच सांगितलं.

निष्पत्ती

औषध वाढवावं लागलं नाही. लॉरीची भीती गेली नाही, पण तिचं करायचं काय हे कळलं : रुग्णालयाच्या व्हॅनऐवजी त्यांना पुतण्याच्या मोटारीतून, पुढच्या सीटवर बसवून, दुपारच्या उजेडात हलवलं. त्याआधीच्या तीन आठवड्यांत तीनदा ते घर पाहून आले होते. पहिल्या महिन्यात दोन रात्री ओव्हरकोट घालून खिडकीशी उभे होते, नंतर नाही.

पुतण्या त्यांना क्रूसापाशी घेऊन गेला. तिथे उभं राहून आजोबांनी त्याला सांगितलं की इथे माझ्या वडलांना मारलं. पुतण्याला खरं माहीत होतं. त्याने टोपी काढली आणि ऐकून घेतलं.

नोव्हेंबर हा आयर्लंडमध्ये मृतांचा महिना. चर्चमधून घरोघर पाकिटं येतात, त्यावर आपल्या गेलेल्या माणसांची नावं लिहून वेदीवर ठेवायची. नव्या घरात त्यांच्या नावाने पहिल्यांदाच असं पाकीट आलं. मी त्या दिवशी भेटीला गेलो होतो. त्यांनी आई, वडील, भाऊ आणि मामा लिहिले. बहिणीचं नाव सगळ्यांत वर, त्या शाळेतल्या गोल अक्षरात. मग पेन उचलून मला विचारलं, बाळाला यादीत घालायचं का? मी म्हटलं, ते गेल्याचं आपल्याला माहीत नाही. त्यांनी मान हलवली आणि पाकीट चिकटवलं.

पुढे चार वर्षांनी, झोपेत, ते गेले.

आज करायचं तर

फाइल आधी वाचेन, शेवटच्या पुठ्ठ्यापर्यंत. हे लिहायला सोपं आहे. एकावन्न वर्षांच्या फायलीचे चार खंड होते आणि मला एका दुपारी आठ रुग्ण पाहायचे असत. तरीही. सरकारी कचेऱ्यांना पत्रं पाठवायला मला वेळ मिळाला होता, मग याला का नाही?

जमिनीच्या नोंदी पाहणं ही माझी मर्यादा ओलांडणं होतं. आजोबांनी बहीण शोधायला परवानगी दिली होती, भावावर खटला चालवायला नव्हे. भाऊ हयात नव्हता, उत्तर देऊ शकत नव्हता. माझ्या गावाकडच्या कहाण्यांनी एकदा मला योग्य प्रश्न सुचवला, मामा की काका. आणि एकदा चुकीचं उत्तर. पहिल्या यशामुळे दुसऱ्या वेळी मी शंका घेतली नाही. आज अशा प्रकरणात मी प्रत्येक आठवणीसाठी वेगळं पान करतो : ही कुणाची आठवण, कधीची, कशावरून तपासली, काय सापडलं. एका पानावरचा निकाल दुसऱ्या पानावर नेत नाही, मग तो खरा असो की खोटा.

पुतण्याला पत्राऐवजी फोन करायला हवा होता आणि पहिलं वाक्य हे असायला हवं होतं की काकांना तुम्हाला भेटायचंय का ते मी विचारलंय आणि ते हो म्हणालेत. तो माणूस मोठा म्हणून पुढचं सगळं घडलं.

स्थानिक माणसाला पहिल्या दिवशी शेजारी बसवेन. ‘स्टेशन्स’ची चूक दोन आठवड्यांत पकडली गेली कारण त्या नर्सला माझ्या नोंदी वाचायची सवय होती. ती सुट्टीवर असती तर बारावा डॉक्टर ती ओळ उतरवून घेता.

बाळाच्या बाबतीत मी अजून समाधानी नाही. संस्थेचं नाव वहिनीला नक्की आठवत नव्हतं. अंदाजाने दोन ठिकाणी पत्रं पाठवली, दोन्हीकडून नोंद देता येत नाही असं उत्तर आलं. त्या पिढीतल्या मुलांना स्वतःच्या जन्माची माहिती मिळवण्याचा स्पष्ट कायदेशीर हक्क २०२२ च्या कायद्याने आला. तेव्हा आजोबा नव्हते. ते बाळ असेल तर आज पासष्टीच्या पुढे असेल.

नव्या घरासाठी फाइल बनवताना मी पहिल्या पानावरचा टाइप केलेला सारांश काढून टाकला आणि त्याजागी हाताने लिहिलं :

‘यांना एक बहीण होती. जन्म १९३४, मृत्यू १९८८, कॉव्हेंट्री. हा भ्रम नाही. दाखला मागे जोडला आहे. सैनिकांनी मामाला मारलं, १९२३ मध्ये. हे मामाला वडील म्हणतात, म्हणू द्या. गंजी यांनीच पेटवली असं यांनी १९५९ मध्ये स्वतः लिहिलं आहे. पत्र यांच्या कपाटात आहे, ते यांचं आहे, विचारल्याशिवाय उघडू नये. रात्री ओव्हरकोट घालून उभे दिसले तर दिवा लावा आणि चहा द्या, दोन चमचे साखर. बाळाबद्दल विचारतील. माहीत नाही असं सांगा. नव्हतं असं सांगू नका.’